घरातलं गाणं आणि लेकराचा विश्वास

(कळंब, जि. यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे.)



आजचा विषय कळल्यावर एका मित्राने आम्हाला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. पोरांच्या गाण्याविषयी तुम्ही काय सांगणार?" प्रश्न रास्त आहे. आम्ही गायक नाही. आमचा गळा असा, की आरतीलासुद्धा शेजारचा माणूस जरा बाजूला सरकून उभा राहतो. पण आज बोलायचं आहे ते गाण्याविषयी थोडं आणि विश्वासाविषयी जास्त. विश्वास म्हणजे काय, तो येतो कुठून, हा तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे. शिवाय, या विषयात आम्ही एकदा नापास झालो आहोत. नापास झालेल्याला प्रश्नपत्रिका पाठ असते. ती हकीकत पुढे सांगूच.

आधी आपल्या गावाचं बोलू. कळंबात गाणं नाही असं कोणी म्हणू नये. चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून खाली गेलं आणि कोणी सहज आरती म्हणत असलं, की त्या जागेत आवाज कसा भरून राहतो हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. भजनी मंडळं आहेत, राष्ट्रसंतांची खंजिरी आहे. पण मुलीला शास्त्रशुद्ध गाणं शिकवायचं म्हटलं, की यवतमाळ नाहीतर वर्धा. एसटीने आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. म्हणजे आठवड्याला शिकणं दोन तासांचं. उरलेले पाच-सहा दिवस ते मूल घरीच असतं. बैठकीच्या खोलीत, एकीकडे टीव्ही, दुसरीकडे कुकरच्या शिट्ट्या, आणि मध्ये त्याचा सा. तेव्हा मूल गाणं शिकतं ते क्लासात नव्हे, घरात. क्लासात त्याला फक्त कळतं, की घरी काय करायचं आहे.

पूर्वी हा प्रश्न अशा रूपात नव्हता. शिष्य गुरूच्या घरी राहायचा. पाणी भरायचा, तानपुरा पुसायचा, आणि दिवसभर गुरूचं गाणं कानावर पडत राहायचं. चुकला तर तिथल्या तिथे कळायचं. पुढे पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. फी भरून, वेळापत्रकाप्रमाणे, कोणाच्याही मुलामुलीला संगीत शिकता येऊ लागलं. हे फार मोठं काम झालं. त्या वाटेनेच तुमची-आमची मुलं आज प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षांना बसतात. पण या बदलात एक गोष्ट मागे राहिली. गुरूचा रोजचा कान सुटला. शिष्य क्लास संपला की आपल्या घरी जातो, आणि त्याच्या घरी कान कोणाचा? आईचा, बापाचा, आजीचा. त्या कानाला कोणी काही शिकवलेलं नसतं.

आता पालकांची तक्रार ऐका. "सर, क्लासात छान गाते, घरी तोंड उघडत नाही." "पाहुण्यांसमोर म्हण म्हटलं, की आईच्या पदरामागे." आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "तिच्यात कॉन्फिडन्सच नाही." आपण हे हिमोग्लोबिन कमी असल्यासारखं बोलतो. कमी आहे ना, मग टॉनिक द्या. हे टॉनिक म्हणजे शाबासकी. "वा वा, काय गातेस, अगदी लताच!" आठवडाभर दिलं, तरी मूल पदरामागेच. मग आपण म्हणतो, स्वभावच भित्रा आहे.

इथे थोडी शब्दांची सफाई करू. धिटाई वेगळी आणि विश्वास वेगळा. धीट मूल कुठल्याही स्टेजवर चढेल आणि बिनधास्त बेसूर गाईल. त्यात वाईट काही नाही, पण तो विश्वास नव्हे. दुसरं टोक म्हणजे "मी चुकणारच नाही" असं वाटणं. तसं तर कुठल्याच जाणत्या गवयाला वाटत नाही. मग विश्वास कशाला म्हणायचं? आमचं उत्तर असं: मी चुकेन, चुकलो तर माझं मला कळेल, आणि परत यायची वाट मला ठाऊक आहे. एवढं ज्याच्याजवळ आहे तो विश्वासाने गातो. यातलं "माझं मला कळेल" हे सगळ्यात महत्त्वाचं. जोपर्यंत चूक दुसऱ्याने सांगितल्यावर कळते, तोपर्यंत विश्वासही दुसऱ्याच्याच खिशात असतो.

आता आमची हकीकत. आमचा मुलगा तेव्हा चौथीत होता. पेटी घेऊन दिली होती. संध्याकाळी तो बाहेरच्या खोलीत भूप म्हणायचा, आणि आम्ही आतल्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत बसायचो. भूपात पाच स्वर, सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद नाहीत. पहिला राग म्हणून मुलांना तो सोपा पडतो. आम्हाला रेडिओ ऐकून आणि दोन-चार पुस्तकं वाचून चूक काढण्यापुरतं संगीत येत होतं. तेवढंच येत होतं. आतूनच हाक जायची, "गंधार उतरला!" "पुन्हा!" "धैवत बघ!" आम्हाला वाटायचं, आपण मुलाकडे लक्ष देतो आहोत. सौ. एकदा म्हणाली, "त्याचं नीट झालेलं तुम्ही कधी सांगितलंय का?" आम्ही हसून सोडून दिलं.

त्या वर्षी गणपतीच्या मंडपात त्याचं गाणं होतं. दुसऱ्या ओळीला त्याने आमच्याकडे पाहिलं. आम्ही काही बोललो नाही, फक्त किंचित मान हलवली. तो थांबला. पुढची ओळ आलीच नाही. नंतर क्लासच्या दिवशी त्याचं पोट दुखायला लागलं, आणि दिवाळीनंतर पेटी माळ्यावर गेली. आज तो चाळिशी ओलांडलेला आहे. त्याने पेटीला पुन्हा हात लावलेला नाही. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीने गाणं सुरू केलं तेव्हा त्याचा फोन आला. "बाबा, ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तुम्हाला गाऊन दाखवेल. तुम्ही ऐकायचं. चूक काढायची नाही." एवढंच बोलला. आम्ही आयुष्यभर पोरांना शिकवलं, पण ही शिकवणी आम्हाला तीस वर्षं उशिरा मिळाली.

तेव्हा काय बिघडलं होतं, यावर आम्ही पुष्कळ विचार केला. आम्ही दाखवलेल्या चुका बहुतेक खऱ्याच होत्या. बिघडलं ते असं, की आम्ही त्याचा कान हिसकावून घेतला. गाताना त्याचं लक्ष स्वराकडे नव्हतं, आतल्या खोलीच्या दाराकडे होतं. आता हाक येईल की मग येईल! असं मूल स्वतःला ऐकूच शकत नाही. आणि जे स्वतःला ऐकत नाही, ते सुधारणार कसं?

मग मुलाचा कान मुलाकडे कसा ठेवायचा? आपल्या संगीतात याची सोय आधीच करून ठेवलेली आहे. तिचं नाव तानपुरा. चार तारा: पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, शेवटची खर्जाची. तो काही बोलत नाही, रागवत नाही, शाबासकी देत नाही. नुसता सा देत राहतो. आज खरा तानपुरा प्रत्येक घरी शक्य नाही, पण इलेक्ट्रॉनिक तानपुरा मिळतो, मोबाइलवरही मिळतो. तो हळू आवाजात लावा. मुलाला डोळे मिटून आकारात सा लांबवू द्या. सूर जवळ आला पण लागला नाही, तर कानाला लाटांसारखा थरथराट जाणवतो. हे भौतिकशास्त्र आहे: जवळजवळच्या दोन कंपनसंख्या एकत्र वाजल्या की आवाज कमी-जास्त होत राहतो. सूर जसजसा जुळत जातो, तसतशा त्या लाटा संथ होतात, आणि जुळला की थांबतात. आपला आवाज तानपुऱ्यात विरून गेल्यासारखा वाटतो. आठ वर्षांच्या मुलालाही हे कळतं. आमची नात म्हणते, "आजोबा, चिकटला!" तिला कोणी "बरोबर" म्हणावं लागत नाही. तिचा पुरावा तिच्याजवळ असतो. विश्वास असा पुराव्यापुराव्याने साठत जातो.

पेटीविषयी एक सावधगिरी. पेटीची पट्टी दाबली की स्वर तयार मिळतो. मूल त्या स्वराला टेकून गायला शिकतं, आणि पेटी काढली की पडतं. पेटी जागा दाखवायला वापरावी, गायला तानपुरा असावा. अर्थात मूल पेटीच शिकत असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरी गोष्ट पट्टीची. "आमचं पोरगं बेसूरच आहे" असं सांगणाऱ्या घरात आम्ही आधी विचारतो, कोणाच्या पट्टीत गातं? बहुतेक वेळा बापाच्या. पुरुषांचा सा साधारण काळी एक ते काळी दोनच्या आसपास असतो. बायकांचा आणि लहान मुलांचा, मुलगा असो की मुलगी, काळी चार-काळी पाचच्या आसपास. बाप काळी एकमध्ये हौसेने सुरू करतो, आणि लेकरू कधी खाली पुटपुटतं, कधी वर किंचाळतं. गळा बिचारा ठीक असतो, कपडे बापाचे घातलेले असतात! खाली मंद्र पंचमापर्यंत आवाज विझू नये आणि वर तार षड्जाला ओरडावं लागू नये, ती आपली पट्टी. गुरूंना विचारून ती एकदा नक्की करा आणि तानपुऱ्यावर चिठ्ठी लावून ठेवा. कित्येक "भित्री" मुलं पट्टी बदलल्याबरोबर गायला लागतात.

आता चूक. चूक सांगायचीच नाही का? सांगायची, पण रीत आहे. पहिलं, ओळ पूर्ण होऊ द्यायची. गाणं वेळात चालतं. मध्येच तोडलं की ओळीचा तोल जातो, आणि परतीची वाट शोधायची संधीही जाते. पुष्कळदा मूल पुढच्या दोन मात्रांत स्वतःच सावरणार असतं. दुसरं, आपण सांगण्याआधी त्याला विचारायचं, "कुठे अडल्यासारखं वाटलं?" दहापैकी आठ वेळा ते नेमकी जागा दाखवतं. तिसरं, संपूर्ण बंदिश पुन्हा म्हणायला लावायची नाही. तेवढाच तुकडा घ्यायचा, लय निम्मी करायची, दोन-तीनदा म्हणायचा, मग आधीच्या शब्दाला जोडायचा, मग पुढच्या. चौथं, बसणं नेहमी जमलेल्या गोष्टीवर संपवायचं. उठताना जिभेवर जी चव असते, तीच दुसऱ्या दिवशी आठवते.

शाबासकीविषयीही एक सांगतो. अमेरिकेत कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. पाचवीतल्या मुलांना कोडी दिली. काहींना म्हटलं, "तू हुशार आहेस." काहींना म्हटलं, "तू मेहनत घेतलीस." मग मुद्दाम अवघड कोडी दिली. पहिल्या गटाची मुलं लवकर हिरमुसली आणि नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. कारण सरळ आहे. "हुशार" ही पदवी मिळाली की ती सांभाळावी लागते. "अगदी लताच" म्हटलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी लता व्हायचं ओझं असतं, मग ती तोंडच उघडत नाही. त्यापेक्षा नेमकं बोला. "काल श्वास मध्ये तुटत होता, आज ओळ एका श्वासात झाली." हे वाक्य खोटं असू शकत नाही, आणि मुलाला खरं-खोटं बरोबर कळतं.

लताबाईंचं नाव घेतलं तर त्यांनीच अनेकदा सांगितलेली आठवण घेऊ. दीनानाथराव घरी शिष्यांना शिकवत. लहानगी लता वडिलांसमोर गायला घाबरायची, स्वयंपाकघरात आईसमोर मात्र गायची. एकदा दीनानाथराव एका शिष्याला पाठ देऊन बाहेर गेले. शिष्य चुकतो आहे असं वाटून पाच-सहा वर्षांची लता आत गेली आणि "असं नाही, असं" म्हणून तिने गाऊन दाखवलं. वडील परत येताना दारात उभं राहून ऐकत होते. ते आत येऊन तिला काही बोलले नाहीत. तिच्या आईला म्हणाले, घरातच गाणारी आहे आणि आपल्याला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला उठवून पाठ सुरू केला. आम्हाला यात दोन गोष्टी दिसतात. एक, मूल पहिल्यांदा गातं ते परीक्षकासमोर नाही, चुलीजवळ. दुसरी, वडील दारात थांबले. आम्हीही दाराआडच होतो, पण आम्ही हाका मारत होतो.

दुसरं घर मोगूबाई कुर्डीकरांचं. तिथे लाड नव्हते. किशोरीताई सांगत, की आई स्थायी-अंतरा दोनदाच म्हणून दाखवी, तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यात कानाने टिपायचं. इतकी कडक शिस्त असूनही किशोरीताईंचा विश्वास मोडला नाही. का? आमच्या समजुतीप्रमाणे, जी शिस्त मुलीला होती तीच आईने स्वतःला लावलेली होती. मैफलीत मुलगी मागे तानपुऱ्यावर बसे आणि आईचे कष्ट डोळ्यांनी पाही. आईने तिला अंजनीबाई मालपेकरांसारख्या इतर गुरूंकडेही पाठवलं, आपल्यापुरतं बांधून ठेवलं नाही. पुढे तरुणपणी किशोरीताईंचा आवाजच गेला. बरा काळ गाणं बंद होतं. त्या काळात त्यांनी संगीताचा विचार केला आणि परत आल्या त्या आपली वेगळी वाट घेऊन. परतीची वाट ठाऊक असणं आम्ही म्हणतो ते हेच.

म्हणजे प्रश्न कडक की मऊ, हा नाही. पतंजलींनी योगसूत्रांत अभ्यास पक्का कशाने होतो याच्या तीन अटी सांगितल्या आहेत: तो दीर्घकाळ हवा, खंड न पडता हवा, आणि सत्कारपूर्वक हवा. पहिल्या दोन सगळ्यांना पाठ आहेत. आपल्या विदर्भाचं उदाहरण घ्या. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, जन्म १९२०. नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे शिकले, कितीतरी वर्षं लष्करी हिशेब खात्यात नोकरी करत गायले. 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं १९६७ साली, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. दीर्घकाळ म्हणजे असा. आणि आपण पहिल्या सहा महिन्यांत विचारतो, टीव्हीवर कधी जाणार?

पण तिसरी अट आपण विसरतो. सत्कार म्हणजे आदर. मुलाच्या रियाझाला घरात आदर आहे का? मूल गायला बसलं की टीव्ही बंद होतो, की "अगं, मालिका संपू दे" असं होतं? तानपुरा कपाटावर धूळ खातो, की त्याला जागा आहे? "आधी अभ्यास कर, मग काय ते गाणं" असं म्हणतो का? मुलाला त्यातून कळतं, की आपण जे करतो ते या घरात फालतू आहे. फालतू कामात विश्वास कोणाला येणार? पंधरा-वीस मिनिटंच बसवा, पण रोज त्याच वेळी, आणि त्या पंधरा मिनिटांत घराने शांत राहायचं. पूजेच्या वेळी राहतो ना, तसंच.

घरात कोणालाच गाणं येत नसेल तर? जपानचे शिनिची सुझुकी, व्हायोलिनचे शिक्षक, म्हणत की मूल मातृभाषा जशी ऐकून-ऐकून शिकतं तसंच संगीतही शिकतं. त्यांच्या पद्धतीत आधी आईला व्हायोलिनवर एखादी धून शिकवत. आई वादक व्हावी म्हणून नव्हे. आईला वाजवताना पाहून मुलालाही वाजवावंसं वाटावं म्हणून. आम्ही हे घरी करून पाहिलं. नातीला म्हटलं, "आम्हाला तीनताल शिकव." सोळा मात्रा, एक, पाच, तेराला टाळी, नऊला खाली. आमची खाली रोज चुकते. ती खो-खो हसते आणि म्हणते, "आजोबा, घाबरू नका, पुन्हा पहिल्यापासून." हे वाक्य तिने आमच्याकडून ऐकलेलं नाही. तिच्या गुरूंनी तिला दिलं, तिने आम्हाला दिलं.

आणि भजन. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये विश्वासाचे चार झरे सांगितले: स्वतः करून जमणं, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमताना पाहणं, कोणी धीर देणं, आणि शरीराची त्या वेळची अवस्था. धीर देणं तिसरं आहे, पहिलं नाही, हे लक्षात घ्या. दुसरा झरा आपल्या गावात फुकट वाहतो. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजन सुरू केलं की सारा गाव मागून म्हणायचा. समूहात लेकराची चूक झाकली जाते, पण बरोबर स्वर कानावर पडतच राहतो, आणि शेजारी त्याच्याच वयाचं दुसरं मूल म्हणत असतं. ज्याला एकटं गायची भीती वाटते त्याला आधी भजनात बसवा. मग एखादी ओळ त्याने एकट्याने म्हणायची, बाकीच्यांनी झेलायची. पाहुण्यांसमोर एकदम उभं करू नका. आधी आजीसमोर, मग दोन मैत्रिणींसमोर, मग भजनात, मग मंडपात. आणि त्याने "आज नको" म्हटलं तर आजचा दिवस खरंच नको.

एवढं बोलून थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न (एक आई): सर, पोरगी यूट्यूबवर पाहून गाणं म्हणते, हुबेहूब म्हणते. मंग क्लास काहून लावायचा?

उत्तर: म्हणू द्या, नकलेतून कान तयार होतो. पण त्या गाण्यामागे वाद्यमेळ असतो, तो तिला उचलून धरतो. एकदा मोबाइल बंद करून तेच गाणं नुसत्या तानपुऱ्यावर म्हणायला सांगा. कुठे सुटतं ते तिचं तिलाच कळेल, आणि क्लास कशाला हवा हेही तीच सांगेल. पडद्यावरचा गुरू तिचं ऐकत नाही, हा त्यातला मुख्य फरक.

प्रश्न: मुलगा तेरा वर्षांचा आहे. चांगला गात होता, आता आवाज फाटतो. मित्र हसतात. गाणं सोडतो म्हणतो.

उत्तर: त्याला आजच जवळ बसवून सांगा, की तुझा गळा बिघडलेला नाही, वाढतो आहे. या वयात स्वरयंत्र मोठं होतं, आवाज खाली उतरतो, मध्ये कुठेही घसरतो. हे आधी कोणी सांगितलं नाही, की मुलगा समजतो आपलं गाणं संपलं. गुरूंना विचारून पट्टी उतरवा. हळू आवाजात, सोप्या टप्प्यात थोडंच गाऊ द्या. उंच स्वरांवर जोर नको. या काळात तबला किंवा पेटी हातात द्या, ताल आणि कान चालू राहतील. स्पर्धा मात्र वर्षभर बंद. आवाज स्थिरावला की त्याला पुन्हा सा शोधावा लागेल, पण शोधायचा कसा हे त्याला माहीत असेल.

प्रश्न (एक आजोबा): दहावीला परीक्षेचे वाढीव गुण मिळतात म्हणून नातवाला बसवलं. हे चूक आहे का?

उत्तर: गुणांसाठी सुरुवात झाली म्हणून काही बिघडत नाही. देवळात प्रसादासाठी जाणारं मूलही कधीतरी देवाकडे पाहतं. फक्त परीक्षेच्या चार रागांतच वर्ष घालवू नका. आठवड्यातला एक दिवस त्याच्या आवडीचं गाणं, सिनेमातलं का असेना. आणि निकाल लागल्यावर तानपुरा बंद झाला, तर समजा की गुण मिळाले, गाणं गेलं.

प्रश्न: सर, तुमच्या मुलाशी याविषयी कधी बोललात?

उत्तर: (थोडं थांबून) हो. फार उशिरा. आम्ही म्हटलं, "तेव्हा आमचं चुकलं." तो म्हणाला, "बाबा, तुम्ही बरोबरच सांगत होतात, गंधार उतरायचाच." आम्ही म्हटलं, "तो तुला स्वतःला ऐकू येऊ द्यायला हवा होता." त्यावर तो काही बोलला नाही. पेटी अजून माळ्यावरच आहे. यंदा दिवाळीत तो नातीला घेऊन येणार आहे. आम्ही पेटी खाली काढून, पुसून ठेवणार आहोत. वाजव म्हणून कोणालाही सांगणार नाही.